मागचं डावं दार

नाही नाही, तुम्हीच सांगा, डावं म्हणजे डावं की नाही? पहिलीत शिकवतात हो! डावं, उजवं, वर, खाली, संपलं! यात कुणाला काही शंका? नाही ना? मग हा ओठ बघा. तीन टाके. हा अंगठा बघा, याचं नख गेलं. आणि ही मान, ही आता एकाच बाजूला वळते, आणि कुठल्या बाजूला, तर डावीकडे, म्हणजे नशिबाने थट्टा करायची तरी किती! एका शब्दावरून झालंय हे सगळं. मी काय दारू पिऊन पडलो नाही, चोर समजून लोकांनी मला धुतला नाही, फक्त 'डावं' म्हटलं. आणि तुम्हाला सांगतो, मी हात उचलणारा माणूस नाही. बायकोला विचारा. म्हणजे... आत्ता नका विचारू.

आता तुम्ही म्हणाल, गाडी घेतलीच कशाला? घेतली! झाली चूक! सव्वीस वर्षांची गाडी, पण काय गाडी होती अहो... बोनेट कोपऱ्यावर वळलं तरी डिकी अजून मागच्या रस्त्यावर. आत कातडं, लाकूड, पायाखाली गालिचा. मालक होता दातांचा डॉक्टर. म्हणाला, 'दार लावून बघा.' लावलं. थप्प! तिजोरी बंद झाल्यासारखं. त्या एका आवाजावर मी गाडी घेतली, इंजिनाचा आवाज ऐकायचं राहूनच गेलं. 'राजासारखी ठेवलीय हो,' म्हणाला. खोटं नव्हतं ते, राजासारखीच होती, स्वतःहून काही करायची नाही, ढकलायला चार माणसं लागायची. पंधराव्या दिवशी रेडिएटर फुटला, सोळाव्या दिवशी एक काच वर जायची थांबली, सतराव्या दिवशी मी त्याच्या दवाखान्यात! तो कुणाच्या तरी तोंडात आरसा घालून बसलेला. मी म्हटलं, 'डॉक्टर, गाडी!' तो म्हणाला, 'आ करा.' मी केला. तो पेशंटला म्हणत होता. अपमान झाला की नाही? वर म्हणतो, 'जुनी वस्तू आहे, समजून घ्या.' तुम्हाला सांगतो, मी हात उचलणारा माणूस नाही, पण त्याचा पुढचा एक दात हलला. बसवून घ्या म्हटलं, घरचाच धंदा आहे.

आणि सुटे भाग! अहो, त्या गाडीचा सुटा भाग मागायला दुकानात जा तुम्ही एकदा, म्हणजे माणुसकीवरचा विश्वास उडतो की नाही बघा. काउंटरवरचा मान वर न करता विचारतो, 'कुठली गाडी?' सांगितली. मान वर. माझ्याकडे बघतो, मग आतल्याला हाक मारतो, 'अरे ए, बाहेर ये, यांना *त्या* गाडीचं पाहिजे!' आतून दोघं बाहेर येतात, माझ्याकडे बघतात, घरात कुणी गेल्यासारखे चेहरे करतात आणि परत आत जातात. 'कंपनीने बंद केलं हो ते.' 'कधी?' 'तुमचं लग्न झालं होतं का तेव्हा?' असं बोलतात का गिऱ्हाइकाशी? त्याच्यासमोर ते जाड पुस्तक होतं, सुट्या भागांच्या चित्रांचं, ते मी उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पुस्तक उचललं, हात नाही.

मग आमचा मिस्त्री. गाडीचा मिस्त्री, म्हणजे त्याला एकच वाक्य येतं, 'होऊन जाईल.' पट्टा तुटला? होऊन जाईल. त्याने कपडे धुवायच्या मशीनचा पट्टा बसवला. गाडी धावायची कमी, घुसळायची जास्त. स्प्रिंग गेली? होऊन जाईल. त्याने कुठल्यातरी पलंगाची स्प्रिंग घातली. आरसा गेला? न्हाव्याकडून आणला! मी एकदा जॅकचा दांडा घेऊन त्याच्यामागे धावलो, तीन गल्ल्या, पुढे तो, मागे मी, आणि धावता धावता तो काय ओरडतो? 'होऊन जाईल, साहेब, होऊन जाईल!' काय बोलणार अशा माणसाला! दम लागला म्हणून वाचला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं हो. म्हणजे ठीक काय, रडतखडत चाललं होतं. पण मागच्या डाव्या दाराची बिजागरी... एवढीशी असते, तळहाताएवढी. वरून रंग ताजा, आतून गंजून भुगा. मला कसं कळणार? सासूबाईंना घेऊन आम्ही दोघं घरी आलो. मी पुढे, बायको बाजूला, सासूबाई मागे. सासूबाई उतरल्या आणि तोल सांभाळायला त्यांनी दार धरलं. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून. मी म्हणतोय, 'सावकाश, सावकाश,' आणि दार निघालं. उघडलं नाही, निघालं! गाडीपासून! तिजोरीचं दार ते, माणसाएवढं वजन, आणि सासूबाईंनी ते सोडलं का? छे! त्यांच्या घराण्यात धरलेलं सोडत नाहीत. दार आणि सासूबाई, दोघं बरोबर खाली, सासूबाई खालच्या बाजूला.

आणि एक आवाज झाला. काडकन. वाळकं लाकूड मोडतं तसा. चेष्टा सोडा आता. एवढी भांडणं केली आयुष्यात, पण असं हाड मोडताना कधी ऐकलं नव्हतं. म्हातारं माणूस हो. मग दाराखालून आवाज आला, अगदी शांत, 'जावईबापू, ही गाडी कितीला घेतलीत?'

मी दार उचलतोय, तेवढ्यात पाठीत सट्! बायको! तिने गाडीचा वायपर उपटला होता आणि त्याने मला बडवत होती, डोक्यात, पाठीत, कानावर, सट् सट् सट्, 'किती वेळा सांगितलं, विका! विका! विका!' एका 'विका'ला एक फटका. आणि मी, तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडून काय जावं? मी ओरडलो, 'अगं वायपर नको, वायपर मिळत नाही!'

तिथे चुकलं माझं. कबूल. आई दाराखाली पडलीय आणि नवऱ्याला काळजी वायपरची. तिचा हात थांबला. मारायची थांबली ती, आणि ते मारण्यापेक्षा वाईट होतं. माझ्याकडे एकदा बघितलं, वायपर खाली टाकला आणि आईजवळ जाऊन बसली. रुग्णवाहिका येईपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, खिळा घातला. बायको दिवसभर दवाखान्यात, झोपायला मेहुणीकडे. मी जायचो, बाकावर बसायचो, यायचो. घर खायला उठायचं हो! ती असली की दिवसाला दोन भांडणं ठरलेली, आता भांडायचं कुणाशी? भिंतीवर बुक्की मारली एकदा, तर भिंत काही बोलत नाही. हसू नका. मी रडलो त्या दिवशी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा रडलो.

नवव्या दिवशी ती बोलली. वॉर्डाच्या बाहेर, भिंतीकडे बघत. 'शनिवारी आईला सोडतायत. तिच्या घरी तीन जिने आहेत, म्हणजे आपल्याकडेच आणायचं. आणि तिला त्याच गाडीतून यायचंय.' मी म्हटलं, 'त्याच?' तर आतून खाटेवरून आवाज, 'त्याच! ज्या गाडीतून पडले त्याच गाडीतून माझ्या पायांनी उतरणार! नाहीतर लोक जन्मभर म्हणतील, जावयाने पाडली म्हातारीला!' आणि बायको म्हणाली, 'दार असं बसवून आणा की हलता कामा नये. आई आपल्या दारात उतरली, की तिच्यामागून मी घरात येईन. नाही उतरली, तर मी ताईकडेच बरी.' आता कळलं ना, त्या बिजागरीला काय लटकलं होतं? दार नव्हतं लटकलं. संसार लटकला होता माझा!

हातात तीन दिवस. मिस्त्री म्हणाला, 'नुसती बिजागरी मिळणार नाही, साहेब. आख्खं दारच लागेल, मेलेल्या गाडीचं.' शोधता शोधता एक भंगारवाला सापडला, शहराबाहेर, त्याच्याकडे तशीच एक गाडी शेवटच्या घटका मोजत होती. मी फोन लावला. आणि आता नीट ऐका, कारण माझा ओठ इथे फुटला, फोनवरच. रक्त नंतर आलं, एवढंच.

'कुठलं दार?' 'मागचं, डावं.' 'गाडीकडे तोंड करून डावं, का गाडीत बसून डावं?' म्हटलं, 'गाडीत बसून!' 'कुठे तोंड करून बसून?' 'अरे, गाडीत माणसं कुठे तोंड करून बसतात?' 'आमच्या गाडीला सीटाच नाहीत, साहेब.' बघा! मी श्वास घेतला. म्हटलं, 'ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूचं.' तो म्हणतो, 'आमच्या गाडीचं स्टिअरिंग पलीकडेच आहे, परदेशातून आलेली आहे ती.' माझ्या तळपायाची आग मस्तकात! पण बायको डोळ्यांसमोर, शनिवार डोळ्यांसमोर, मी अगदी गोड आवाजात म्हटलं, 'हे बघ भाऊ, गाडीत जा. काचेकडे तोंड कर. आता आपण ज्या हाताने जेवतो तो हात वर कर. केलास? त्या हाताकडचं दार नको. दुसऱ्या हाताकडचं हवं.' 'हां! असं बोला ना! आत्ता कळलं!' फोन ठेवला. मी खुश. मिस्त्री म्हणाला, 'होऊन जाईल.' मी त्याला मिठी मारली.

शुक्रवारी गेलो दोघं. पत्र्यांचे डोंगर, मधून चिखलाची वाट, आणि भंगारवाला... दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस, हातात गॅसकटर. गोणपाटात गुंडाळलेलं दार त्याने पुढे ठेवलं. मी गोणपाट काढलं. बघतोय, बघतोय... वळण उलट! हॅन्डल उलट! म्हटलं, 'हे उजवं आहे!' 'तुम्ही म्हणालात तेच आहे.' 'मी डावं म्हणालो!' 'तुम्ही दुसऱ्या हाताकडचं म्हणालात!' 'मग दुसरा हात कुठला?' 'हाच की!' आणि तेवढ्यात मागे घरघर सुरू झाली. बघतो तर त्याचं ते गाड्या चेपायचं यंत्र, आणि त्याच्या जबड्यात तीच गाडी, आणि तिचं मागचं डावं दार, धडधाकट, बिजागरीसकट, मला दिसतंय! इथून तिथे आहे! आणि वरचा जबडा खाली येतोय!

मग मला काही आठवत नाही. म्हणजे सगळं आठवतंय, पण क्रमाने नाही. मी धावलो, यंत्राचा दांडा ओढला, त्याने मला कॉलरला धरून मागे ओढलं, 'हात जाईल तुमचा!' म्हणतो, मी म्हटलं, जाऊ दे हात, दार दे! मी त्याच्या पोटात डोकं घातलं, त्याला काहीच झालं नाही, माझी मान गेली. माझ्या अंगठ्यावर त्याचा बूट. मी चिखल उचलून तोंडावर मारला, त्याने मला उचलून चाकांच्या ढिगावर मारलं, मी चाकावरून उसळून परत त्याच्याच अंगावर! आणि मी काय मूर्ख नाही, माझं सगळं लक्ष त्याच्या उजव्या हातावर. उजवा उचलला की वाकायचं, ठरवून ठेवलेलं. उजवा हलेचना. आणि ठोसा आला भलत्याच बाजूने! असा! थाड!

मी चिखलात. तोंडात रक्त, डोळ्यांपुढे काजवे, आणि त्या काजव्यांच्या उजेडात मला एकदम सगळं लख्ख दिसलं. मी खालूनच विचारलं, 'भाऊ... तू जेवतोस कुठल्या हाताने?'

त्याने तीच मूठ वर केली, माझं रक्त लागलेली. 'याच. का?'

डावखुरा! जन्माचा डावखुरा! आणि मी फोनवर त्याला जेवायचा हात वर करायला सांगतोय! मागे यंत्र मिटलं, काचा फुटल्या, आणि गाडीची झाली पेटी, बसायला घ्यावी एवढीशी. तुम्हाला सांगतो, मी हात उचलणारा माणूस नाही, आणि तेव्हा तर हात उचलायची ताकदच नव्हती, म्हणून मी त्याच्या पोटरीला चावलो. तो बोंबलला. मी उठलो, ते उजवं दार उचललं, कुठून जोर आला कोण जाणे, आणि टाकलं त्याच यंत्रात. घे! म्हटलं, जेव आता! शेवटी मिस्त्रीने एक सायलेन्सरचा पाइप उचलला, एक फटका त्याला दिला, एक मला दिला, मापात अगदी सारखे, आणि म्हणाला, 'साहेब, वहिनी काय म्हणाल्या? दार हलता कामा नये. उघडलं पाहिजे असं म्हणाल्या का?' मी रक्त पुसत म्हटलं, 'नाही...' 'मग होऊन जाईल.'

वेल्डिंग! डावं दार जागेवर ठेवलं आणि चारही बाजूंनी वेल्डिंग मारलं. आता ते दार नाही, भिंत आहे. सासूबाईंना बसवायचं उजव्या बाजूने, तिकडून उतरवायचं, बस्स! अहो, इतकं सोपं! पहिल्या दिवशी सुचलं असतं तर ओठ शाबूत असता.

आज सकाळी दवाखान्यात गाडी लावली. आधी बायको बसली, सरकली पलीकडे, मग सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून उचलून अलगद आत ठेवलं. बायकोने डावं दार हलवून बघितलं. हललं नाही. तिने माझ्याकडे बघितलं... हसली नाही, पण हसण्याच्या तयारीत होती, मी ओळखतो. आणि तेवढ्यात तो फाटकावरचा रखवालदार! शिट्टी वाजवत आला आणि माझ्या गाडीच्या टपावर थाप मारून म्हणतो, 'ए, काढ हे भंगार!' भंगार? मला? काल मार खाऊन आलेल्या माणसाला हा शब्द? माझी मूठ वळली. बायको काचेतून बघतेय. आणि तुम्हाला शपथेवर सांगतो, मी हात उचलला नाही! आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर, नाही उचलला! गिळला राग. पण राग कुठे तरी जाणारच ना हो? मी वळलो आणि ते उजवं दार लावलं. जोरात. जरा जास्तच जोरात. आत काहीतरी खट्ट झालं आणि पत्र्याच्या आतून घरंगळत खाली गेलं.

घरी आलो. उजवं दार उघडेना. बाहेरून नाही, आतून नाही, लाथेने नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्याने कान लावला, ठोकलं, आणि पहिल्यांदाच 'होऊन जाईल' म्हणाला नाही. म्हणाला, 'आतलं लॉक तुटलं, साहेब. हे लॉक कुठेच मिळत नाही. एक होतं, कालच्या त्या उजव्या दारात...' मी म्हटलं, 'पुढचं बोलू नकोस.'

मग मी हातोडा घेतला. मोठा. म्हटलं, काच, पत्रा, दार, काही ठेवत नाही आज! हातोडा डोक्यावर नेला, आणि ती काच, चार बोटं खाली अडकलेली ती, त्या फटीतून सासूबाईंचा आवाज, 'जावईबापू, थांबा जरा.' म्हटलं, 'काय झालं? दुखतंय?' तर म्हणाल्या, 'नाही ना दुखत! तेच म्हणतेय. बारा दिवस त्या खाटेवर डोळ्याला डोळा नाही. इथे कंबर कशी अगदी कुणी अलगद हातात घेतल्यासारखी बसलीय. मला नाही उतरायचं. ठोकाठोकी करू नका, झोप येतेय.' आणि झोपल्या! खरंच झोपल्या, तोंड उघडं टाकून!

मी बायकोला म्हटलं, 'तू तरी ये ना, पुढच्या सीटवरून ये.' ती म्हणाली, 'शू! आई उतरली की मी येणार, असं ठरलंय.' मग आईवरून वाकून बोट त्या फटीतून बाहेर काढलं, माझ्या ओठावर टेकवलं, टाक्यांवर, आणि म्हणाली, 'फार लागलं का हो?' बारा दिवसांनी, अहो... माझ्या हातातला हातोडा कधी खाली गेला मला कळलंच नाही.

तर झालंय हे असं. बायको परत आलीय. घरापासून पंधरा पावलांवर आहे. मी दोनदा चहा नेऊन दिला, पुढच्या दारातून, आवाज न करता. आत्ता तुमच्याशी बोलतोय ना, तेवढ्यात तिने काचेवर टकटक केलं, मला वाटलं उतरतायत, धावत गेलो.

दोन उश्या मागितल्यात. म्हणजे मुक्काम आहे.